आठ दिवसांचा माल

कृषी सेवा केंद्राच्या फळीवरील कीटकनाशकाची बाटली वर्षभर पडून राहिली, तरी विक्रेत्याचे फारसे बिघडत नाही. यंदा कीड आली नाही, तर पुढच्या हंगामात ती विकली जाते. ट्रायकोकार्डाचे तसे नाही. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चिकटवलेली सुमारे वीस हजार अंडी आणि त्या अंड्यांत वाढत असलेले अर्ध्या मिलिमीटरचे परोपजीवी कीटक, असा हा माल. परोपजीवीकरणानंतर आठव्या-नवव्या दिवशी कीटक बाहेर पडतात. कार्ड त्या वेळी उसाच्या पानाखाली टाचलेले असो, एसटीच्या टपावर असो की विक्रेत्याच्या खणात असो, त्यांचे काही अडत नाही. सुमारे दहा अंश सेल्सिअस तापमानाला शीतकपाटात ठेवून दोन-तीन आठवड्यांची सवलत मिळवता येते. त्यानंतर हाती उरतो तो केवळ कागद.

अशा मालावर उद्योग उभा राहू शकतो काय, या प्रश्नाला भारतात प्रथम भांडवल लावून सामोरे जाणारी संस्था विद्यापीठ नव्हती आणि सरकारी खातेही नव्हते. ती होती मुंबईतील एका कुटुंबाची कीडनियंत्रण कंपनी. आणि ज्या गावी तिने हे धाडस केले ते गाव होते बेंगळुरू. साल १९८१.

पेस्ट कंट्रोल (इंडिया) ही कंपनी एन. एस. राव यांनी १९५४ साली मुंबईत स्थापन केली. घरे, कार्यालये, उपाहारगृहे, गोदामे यांतील वाळवी, झुरळे, उंदीर आणि साठवणुकीतील किडी यांचा बंदोबस्त करणे हा तिचा व्यवसाय. हा व्यवसाय मुळात सेवेचा आहे, ही गोष्ट पुढील हकीकत समजण्यासाठी महत्त्वाची ठरते. वाळवीच्या बंदोबस्तासाठी आलेला माणूस केवळ औषध ओतून जात नाही. तो भिंतीवरील मातीच्या नळ्या पाहतो, ओल कोठून येते ते शोधतो, लाकूड ठोकून पाहतो, आणि काही महिन्यांनी पुन्हा येतो. ग्राहक पैसे मोजतो ते या पाहणीचे आणि पुन्हा येण्याच्या हमीचे. औषधाचा खर्च त्यात एक बाब म्हणून येतो.

ज्या कंपनीचा नित्याचा व्यवहार रसायनांशी, तिनेच मित्रकीटकांची प्रयोगशाळा काढावी हे वरकरणी विसंगत वाटते. परंतु कीड ओळखणे, तिची वेळ साधणे आणि ठरलेल्या दिवशी पुन्हा जाऊन पाहणे हे जे कौशल्य शहरातील वाळवीला लागते, तेच शेतातील खोडकिडीलाही लागते. रसायनविक्रीची साखळी केवळ बाटली पोहोचवण्याचे काम करते. सेवेच्या धंद्यात वाढलेल्या कुटुंबाला सजीव मालाचा धंदा त्या मानाने कमी परका वाटला असेल, असे मानण्यास जागा आहे.

बेंगळुरूचीच निवड होण्यामागील कारणे मात्र स्पष्ट आहेत. राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेचे भारतीय केंद्र १९५७ पासून या शहरात कार्यरत होते आणि देशातील जैविक कीडनियंत्रणाचे पहिले प्रशिक्षित मनुष्यबळ बऱ्याच अंशी त्या केंद्रात घडले. शहराच्या एका अंगाला हेब्बाळ येथे कृषी विद्यापीठ, दुसऱ्या अंगाला हेसरघट्ट्याला भारतीय बागायती संशोधन संस्था. आणि १९७७ साली सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित जैविक नियंत्रण प्रकल्पाचे सूत्रही येथूनच हलू लागले होते. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरील या शहराची हवा कीटकसंगोपनास अनुकूल. ज्या खोलीत वर्षभर २६ अंशांच्या आसपास तापमान राखावयाचे, तिच्या वातानुकूलनाचे वीजबिल नागपूरला किती येईल आणि बेंगळुरूला किती, याचा हिशेब कोणत्याही होतकरू उत्पादकाने करून पाहण्यासारखा आहे.

बायो-कंट्रोल रिसर्च लॅबोरेटरीज या नावाने सुरू झालेला हा विभाग भारतातील पहिली व्यापारी जैविक नियंत्रण प्रयोगशाळा मानला जातो. त्याची उभारणी डॉ. टी. एम. मंजुनाथ यांच्याकडे होती. राष्ट्रकुल संस्थेच्या बेंगळुरू केंद्रात ट्रायकोग्रामा गटातील कीटकांवर त्यांनी अनेक वर्षे काम केले होते. पुढील काळात बागायती संशोधन संस्थेत गाजरगवतावरील भुंग्याचे काम केलेले डॉ. के. पी. जयंत या विभागात आले. कुटुंबाच्या मालकीचा उद्योग म्हटला की कारखान्यापासून तिजोरीपर्यंत घरचीच माणसे, असे चित्र डोळ्यांसमोर येते. येथे भांडवल व निर्णय कुटुंबाचे, आणि प्रयोगशाळेची धुरा सार्वजनिक संस्थांत घडलेल्या कीटकशास्त्रज्ञांकडे, अशी विभागणी दिसते. ती पहिल्यापासून होती, आणि कदाचित म्हणूनच प्रयोगशाळा टिकली.

आरंभीच्या काळात दक्षिणेत मोठी मागणी होती ती पिठ्या ढेकणावरील उपायाची. बेंगळुरूच्या आसपास, विशेषतः दोड्डबळ्ळापूर-चिक्कबळ्ळापूर पट्ट्यात, बेंगळुरू ब्ल्यू जातीची द्राक्षे होतात. पिठ्या ढेकूण वेलीच्या सुट्या सालीखाली आणि घडाच्या आत दडतो, अंगावर मेणचट आवरण बाळगतो, आणि मुंग्या त्याची राखण करतात. फवारणी त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. कोडगू व चिक्कमगळूरच्या कॉफीमळ्यांतही हीच अडचण. यावर क्रिप्टोलिमस हा ऑस्ट्रेलियन ढालकिडा उपयोगी पडतो. हा भुंगेरा भारतात १८९८ सालीच आणला गेला होता, तोही कॉफीवरील हिरव्या खवले किडीसाठी. त्या कामात त्याचा उपयोग झाला नाही. पण तो दक्षिणेत काही ठिकाणी तग धरून राहिला आणि पाऊणशे वर्षांनंतर पिठ्या ढेकणावर कामी आला.

त्याचे उत्पादन पाहिले म्हणजे या धंद्यातील कष्टाची कल्पना येते. क्रिप्टोलिमसला खायला पिठ्या ढेकूण हवा, पिठ्या ढेकणाला वाढायला लाल भोपळा हवा. भोपळा देठासह, पिकलेला पण न मऊ झालेला, खाचा असलेला निवडावा लागतो. खाचांत पिल्ले स्थिरावतात. तो धुऊन, बुरशीनाशकात बुडवून, जखमा मेणाने बुजवून मग त्यावर ढेकणाची पिल्ले सोडतात. पंधरा-वीस दिवसांत भोपळा पांढरा होतो. मग त्यावर भुंगेरे अंड्यांसाठी सोडतात, आणि महिन्याभराने नवे भुंगेरे गोळा करतात. एका भोपळ्यामागे दीडशे-पावणेदोनशे भुंगेरे मिळाले तर काम चांगले झाले म्हणावयाचे. द्राक्षात प्रति वेल दहा भुंगेरे अशी शिफारस आहे. म्हणजे एक भोपळा, पावणेदोन महिने, आणि पंधरा-सोळा वेली. मध्येच भोपळा सडला, तर सर्व पुन्हा पहिल्यापासून.

ट्रायकोग्रामाचे उत्पादन त्यामानाने कारखान्यासारखे चालते, पण तेथेही कारखान्याची शिस्त आणि गोठ्याची काळजी दोन्ही लागतात. यजमान म्हणून तांदळावरील पतंग, म्हणजे कॉरसायरा, वाढवला जातो. अडीच किलो भरडलेले धान्य, शंभर ग्रॅम शेंगदाण्याचा कूट, थोडे यीस्ट व गंधक, आणि त्यावर अर्धा घनसेंटिमीटर अंडी. चाळीस दिवसांच्या सुमारास पतंग निघू लागतात. शंभर जोड्यांपासून चार दिवसांत साधारण दीड घनसेंटिमीटर अंडी मिळतात. एका घनसेंटिमीटरमध्ये सोळा ते वीस हजार अंडी असतात. त्यांतील काही भाग पुढील खेपेसाठी बियाण्यासारखा राखून, उरलेल्या अंड्यांतील गर्भ अतिनील प्रकाशाने मारून, ती कार्डावर डिंकाने चिकटवतात आणि त्यांवर ट्रायकोग्रामा सोडतात. चौथ्या दिवशी परोपजीवीकरण झालेली अंडी काळी पडतात. कार्ड विकत घेणाऱ्याने पाहावयाची पहिली खूण हीच: काळ्या अंड्यांचे प्रमाण.

या खोलीतील सर्वांत मोठा शत्रू म्हणजे दुसरा एक मित्रकीटक, ब्रॅकॉन. नारळावरील काळ्या डोक्याच्या अळीवर तो शेतकऱ्याचा सोबती. पण कॉरसायराच्या टोपल्यांत एकदा शिरला की अळ्यांचा फडशा पाडतो आणि महिन्याभराचे उत्पादन बसते. म्हणून यजमान कीटकाची खोली आणि परोपजीवींची खोली वेगळी, शक्य तर इमारतही वेगळी, आणि माणसाने एकीतून दुसरीत कपडे न बदलता जावयाचे नाही. पतंगांच्या पंखांवरील बारीक खवले दिवसभर हवेत तरंगतात. मुखपट्टीशिवाय काम करणाऱ्या मजुरांना दम्यासारखा त्रास जडतो. घरगुती केंद्र काढू पाहणाऱ्या कुटुंबात हे काम बहुधा स्त्रियांकडे येते. प्रकल्प अहवालात टोपल्या, कपाटे व दिवे यांची किंमत धरलेली असते; हवा बाहेर खेचणारा पंखा आणि मुखपट्ट्या यांचा खर्च मात्र राहून जातो. तो पहिल्या दिवसापासून धरावयास हवा.

आता या व्यवसायातील मूळ पेचाकडे वळता येईल. जैविक नियंत्रणाची जी यशे सर्वांत थोर, त्यांतून कोणाही उत्पादकाला पैसा मिळत नाही. गाजरगवतावरील झायगोग्रामा भुंगा मेक्सिकोहून १९८३ साली आणला गेला, १९८४ मध्ये बेंगळुरूत सोडला गेला, आणि स्थिरावल्यानंतर आपल्या पायांनी व पंखांनी पसरला. पपईवरील पिठ्या ढेकणाने २००८ पासून तामिळनाडूत व नंतर महाराष्ट्रातही बागा उद्ध्वस्त केल्या. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणलेल्या ॲसेरोफॅगस पपाये या परोपजीवीने ती कीड अल्पावधीत आटोक्यात आणली. तो परोपजीवी बेंगळुरूच्या सार्वजनिक संस्थेने आणला, वाढवला आणि वाटला. २००२ साली सांगलीत प्रथम दिसलेल्या उसावरील लोकरी माव्याच्या बाबतीत तर डिफा व मायक्रोमस हे शत्रू शेतातूनच गोळा करून दुसऱ्या शेतात नेण्यात आले. या तिन्ही उदाहरणांत शत्रू एकदा स्थिरावला की पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून चांगले ते काय. परंतु ज्याला दर महिन्याला पगार द्यावयाचे आहेत, त्या उद्योगाला यश मिळताच ग्राहक गमवावा लागतो.

म्हणून असे काम सार्वजनिक संस्थांकडेच राहिले, आणि ते तसेच राहावयास हवे. खासगी उत्पादकाच्या वाट्याला येतो तो दर हंगामी सोडावा लागणारा कीटक, झिजणारा ल्यूर, संपणारी पुडी. बेंगळुरूच्या प्रयोगशाळेच्या यादीत परोपजीवी व परभक्षी कीटकांबरोबर कामगंध सापळे व ल्यूर, घाटेअळी व तंबाखूवरील अळीचे विषाणू, ट्रायकोडर्मा, स्यूडोमोनास अशी उत्पादने येत गेली ती याच तर्काने. ल्यूर शीतकपाटात महिनोन्‌महिने टिकतो, टपालाने जातो, आणि शेतात लावल्यावर काही आठवड्यांनी बदलावा लागतो. व्यापारी हिशेबाने पाहता सजीव कीटक ही या दुकानाची ओळख झाली आणि टिकाऊ माल हा त्याचा आधार. केवळ ट्रायकोकार्डावर उभ्या राहिलेल्या लहान केंद्रांपैकी बरीच दोन-तीन हंगामांत बंद का पडतात, याचे उत्तर येथे सापडते.

मात्र ल्यूर विकणे आणि ल्यूरचा उपयोग करून देणे यांत पुन्हा अंतर आहे. गुलाबी बोंडअळीच्या सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले म्हणजे नुकसानीची पातळी गाठली, हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षणात सांगितले जाते. प्रत्यक्षात सापळा लावला जातो, पण पतंग मोजले जात नाहीत. मोजले तर लिहिले जात नाहीत. आणि लिहिले तर त्यावरून कोणी निर्णय घेत नाही. शहरातील ग्राहक ज्या गोष्टीसाठी वर्षाचा करार करतो, ती पाहणी शेतकऱ्याला वेगळे पैसे देऊन घेण्याची सवय नाही. हा सल्ला मालाच्या किमतीतच धरावा लागतो. जो उत्पादक तो धरत नाही, त्याचा माल स्वस्त पडतो आणि फसतो. मग सोबत इतरांच्या मालाचेही नाव जाते.

हॉलंडमधील कॉपर्ट कंपनीची कथा येथे आठवण्यासारखी आहे. यान कॉपर्ट हा काकडी पिकवणारा शेतकरी. रसायनांचा त्याला स्वतःला त्रास होत होता, आणि लाल कोळीही त्यांना दाद देईना. त्याने परभक्षी कोळी आणून आपल्या काचघरात सोडला, तो गुण देतो असे पाहून शेजाऱ्यांना देऊ लागला, आणि १९६७ मध्ये त्याचाच उद्योग केला. पुढे मुलांनी तो जगभर नेला. या यशामागे हॉलंडची भूरचना आहे: काचघरे एकमेकांना लागून, शेतकरी लेखी हिशेब ठेवणारे, आणि सल्लागार सायकलवरून दिवसभरात दहा ठिकाणी जाऊ शकेल इतकी अंतरे. कॉपर्टने कीटकाबरोबर सल्लागार पाठवला आणि त्याचा खर्च निघाला. दोन एकर ऊस, मग मैलभर अंतरावर दीड एकर मका, अशा विखुरलेल्या शिवारात हेच करावयाचे, तर सल्लागाराचे भाडेच कार्डांच्या किमतीहून अधिक होते. पॉलीहाऊसमधील फुले व ढोबळी मिरची, निर्यातीची द्राक्षे, साखर कारखान्याचे कार्यक्षेत्र, कॉफीचे मळे अशा ठिकाणी जैविक उत्पादने आपल्याकडे प्रथम रुजली, त्याचे कारण शेतकऱ्याच्या जाणिवेपेक्षा क्षेत्राच्या सलगतेत अधिक आहे.

निर्यातीचे दडपण हेही एक कारण. द्राक्षांच्या निर्यातीत औषधांच्या अंशांची तपासणी कडक झाल्यापासून, आणि २००६ पासून ग्रेपनेटमध्ये बागनिहाय नोंदी सुरू झाल्यापासून, काढणीच्या शेवटच्या महिन्यात काय वापरता येईल हा प्रश्न नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला दरवर्षी पडतो. क्रिप्टोलिमस आणि जैविक बुरशीनाशके यांना त्या महिन्यात जागा मिळाली. खरेदीदाराने घातलेली अट ही पर्यावरणविषयक व्याख्यानांपेक्षा अधिक परिणामकारक ठरली, हे मान्य करण्यात संकोच नसावा.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी लागते. जिवाणू, विषाणू, बुरशी यांवर आधारित उत्पादने १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. त्यांच्या नोंदणीस चाचण्यांचे अहवाल, खर्च व वेळ लागतो. परोपजीवी व परभक्षी कीटकांना अशी नोंदणी लागत नाही. लहान कुटुंबास या धंद्यात शिरण्याची वाट त्यामुळे मोकळी आहे. पण त्याच वाटेने निकृष्ट मालही येतो. ट्रायकोग्रामा चिलोनिस आणि ट्रायकोग्रामा जॅपोनिकम या दोन जाती नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. नराच्या जननेंद्रियाची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी करावी लागते. उसाच्या खोडकिडीला व कांडीकिडीला पहिली, शेंडेकिडीला व भाताच्या खोडकिडीला दुसरी. खोक्यावर एक नाव आणि आत दुसरी जात असेल, तर शेतकऱ्याला ते कधीच कळत नाही. त्याला कळते ते इतकेच की ‘कार्डाने काही झाले नाही’. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या कॉरसायराच्या अंड्यांवर वाढलेला ट्रायकोग्रामा आळशी होतो. माद्यांचे प्रमाण घटते, पंख खुरटतात, शोधण्याची शक्ती मंदावते. त्याला अधूनमधून शेतातील खऱ्या यजमानाच्या अंड्यांवर वाढवून, किंवा मूळ संचयातून नवी संस्कृती आणून ताजे करावे लागते. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोत अशा संस्कृती मिळतात. आज याच नावाने ओळखली जाणारी ही संस्था १९९३ साली जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालय म्हणून उभी राहिली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही समन्वित प्रकल्पाचे केंद्र आहे.

प्रयोगशाळा सुरू झाल्यानंतर कीटकनाशकांचा बाजार अनेक पटींनी वाढला, बीटी कापूस आला, नव्या किडी आल्या. या सर्व काळात सजीव मालाचा विभाग चालू ठेवणे हा कुटुंबाचा निर्णय होता. तिमाही नफ्याचा हिशेब मागणारे भागधारक असते, तर भोपळ्यांची खोली इतकी वर्षे राहिली असती काय, याविषयी शंका वाटते. शहरी सेवेच्या धंद्याने या विभागाला मागे उभे राहण्यास भिंत दिली, असे म्हणता येईल. २०१७ मध्ये कंपनीने आपल्या कीडनियंत्रण सेवेसाठी ब्रिटनच्या रेंटोकिल इनिशियलशी संयुक्त कंपनी स्थापन केली आणि तिच्यातील ५७ टक्के हिस्सा रेंटोकिलकडे गेला. हा करार सेवाव्यवसायापुरता होता. तीन पिढ्यांच्या आत कौटुंबिक उद्योगांपुढे येणारा हा टप्पा आहे: मुख्य धंद्यात मोठा भागीदार घ्यावयाचा, आणि ज्याला अजून बाजार पुरता सापडलेला नाही तो विभाग कोणाच्या बळावर चालवावयाचा. बेंगळुरूच्या उत्तरेस, राजानुकुंट्याजवळील प्रयोगशाळेची पुढील वाटचाल या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

महाराष्ट्रातील एखाद्या शेतकरी कुटुंबाने असे केंद्र काढावयाचे ठरवले, तर आकडे काय सांगतात? उसावर हेक्टरी पन्नास हजार कीटक, म्हणजे अडीच कार्डे, आठ वेळा सोडावयाची धरली तर एका हेक्टरला वीस कार्डे लागतात. शंभर हेक्टरांची हमी मिळाली, तर दोन हजार कार्डे. एवढे उत्पादन एका कुटुंबास व दोन-तीन मदतनिसांस झेपण्यासारखे आहे. अडचण उत्पादनाची नाही, तारखांची आहे. कॉरसायराची टोपली आज भरली, तर पतंग चाळीस दिवसांनी. त्यांच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा, आणि मग आठ दिवस. म्हणजे शेतात कीड दिसण्यापूर्वी सुमारे सात आठवडे उत्पादकाने ती येणार असे धरून धान्य भरडलेले असावे लागते. अमेरिकन लष्करी अळीच्या बाबतीत हे ठळकपणे दिसते. ही कीड २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकातील शिवमोग्ग्यात प्रथम आढळली, आणि त्याच हंगामात महाराष्ट्रातील मक्यावर पोहोचली. सापळ्यात तीन पतंग सापडताच एकरी पन्नास हजार ट्रायकोग्रामा सोडावेत अशी शिफारस आहे. या किडीची अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. सापळ्यात पतंग पाहून फोन करणाऱ्याला त्याच दिवशी काळ्या अंड्यांचे कार्ड हवे असते. ते कोणीतरी दीड महिन्यापूर्वी, कोणाच्याही मागणीशिवाय, आपल्या जोखमीवर सुरू केलेले असेल तरच मिळते.

ही जोखीम आज एकट्या उत्पादकावर आहे. ती वाटून घेण्याची साधने गावपातळीवर उपलब्ध आहेत. पेरणीपूर्वी शेतकरी उत्पादक कंपनीने वा साखर कारखान्याने क्षेत्राची नोंद उत्पादकाकडे द्यावी. लागणीच्या तारखा कळल्या की सोडण्याच्या तारखा ठरवता येतात, आणि त्यावरून टोपल्या भरण्याचे वेळापत्रक. कृषी सहायकाने सापळ्यांचे आकडे आठवड्यातून दोनदा उत्पादकालाही कळवावेत. कार्डे मिळाली की ती संध्याकाळी, पट्ट्या कापून, पानांच्या खालच्या बाजूस टाचावीत. मुंग्यांचा वावर असलेल्या बांधालगत टाचू नयेत. आणि आगेमागे दहा-पंधरा दिवस त्या शेतात कीटकनाशक फवारू नये. दोन-तीन दिवसांनी एक पट्टी उलटून भिंगाखाली पाहिली, तर काळ्या अंड्यांना बारीक गोल भोके दिसतात. शंभरापैकी नव्वद अंड्यांना ती दिसली, तर माल चांगला. साठांपेक्षा कमी दिसली, तर ती पट्टी पाकिटात घालून, तारीख लिहून उत्पादकाकडे परत पाठवावी, आणि पुढील खेप येण्यापूर्वी त्याच्याकडून कारण विचारून घ्यावे.